चारशेची लेन्स

साळवेकाकांनी काउंटरवर पिवळे फडके अंथरले, त्यावर दोन लेन्स उभ्या केल्या आणि लगेच हात पाठीमागे बांधून घेतले. हात पुढे राहिले तर थरथरतात आणि मग गिऱ्हाईक फोटो सोडून हातांकडेच पाहत बसते, अशी त्यांची तक्रार असे.

"एकच न्या, प्रोफेसर," ते म्हणाले. "दोन्ही नेल्यात तर बदलत बसाल, आणि तेवढ्यात शर्यत संपेल."

शांतवन साळवे यांचा स्टुडिओ नाशिकला शरणपूर रोडवर होता. शाळांचे वर्गवार फोटो, चर्चमधली लग्ने आणि वर्षातून एकदा मातीवरच्या मोटारसायकल शर्यती, असे त्यांचे तीस वर्षांचे काम. हातांना कंप सुरू झाल्यावर शर्यतींचे काम सुटले, तेव्हा क्लबने त्यांना मार्गावर झेंडा घेऊन उभे केले. पुढे कोणी पडला तर मागून येणाऱ्यांना पिवळा झेंडा हलवून सावध करायचे, एवढेच काम. झेंडा तर हलवायचाच असतो, त्यात हात आपणहून मदत करतो, असे ते हसून सांगत. शर्यतीशी त्यांचे एवढेच नाते उरले होते आणि ते त्यांनी कॅमेऱ्याइतकेच जपले होते. रविवारच्या शर्यतीसाठी पिवळा झेंडा ते स्वतःच्या घरी धुऊन इस्त्री करीत. त्यांच्या जागी फोटो काढायला क्लबने मला बोलावले, तेही त्यांच्याच शिफारशीवरून.

या हकिगतीला अठरा वर्षे झाली. साळवेकाका आता नाहीत आणि भूषण देवरेही नाही. म्हणून ती सांगता येते.

मी भौतिकशास्त्राचा प्राध्यापक. तोवर मी फक्त पक्ष्यांचे फोटो काढले होते. पक्ष्यांचा फोटोग्राफर दूर उभा राहायला शिकतो; जवळ जाणे म्हणजे पक्षी गमावणे, हे त्याच्या अंगात मुरलेले असते. त्यामुळे माझी नजर आधीच चारशे मिलिमीटरच्या लेन्सवर होती. दुसरी ऐंशी-दोनशेची झूम. साळवेकाकांचे मत तिच्या बाजूने होते. कारणे त्यांनी रीतसर दिली. जवळून गाडी येते आणि जाते, तिच्याबरोबर कॅमेरा फिरवावा लागतो आणि त्यासाठी हलकी लेन्स बरी. शटरचा वेग फार वाढवला की चाके गोठतात आणि ताशी साठने जाणारी गाडी पार्किंगमध्ये उभी असल्यासारखी दिसते. शिवाय चारशेतून धूळच जास्त येते. मोठ्या उडीपलीकडे, गाड्या उतरतात त्या बाजूला, मार्गापासून वीस पावलांवर त्यांनी माझ्यासाठी जागाही हेरून ठेवली होती.

एवढ्यावर ते थांबले असते तर मी कदाचित ऐकलेही असते. पण ते पुढे म्हणाले, की चारशेची लेन्स खोटे बोलते. ती माणसांना ओढून एकमेकांच्या अंगावर आणते.

हा आमचा जुना वाद होता. मी फोटोच्या रिकाम्या पाकिटावर आकृती काढून त्यांना शंभराव्यांदा समजावले, की लेन्स काहीही ओढत नाही. जवळचे आणि लांबचे यांचे आकार एकमेकांच्या तुलनेत कसे दिसतात, हे केवळ आपण किती अंतरावरून पाहतो यावर ठरते. त्याच जागेवरून छोट्या लेन्सने फोटो घेऊन मधला तुकडा मोठा केला, तर तेच चित्र मिळेल.

"तुमचं निरीक्षण बरोबर आहे, काका," मी म्हणालो. "कारण चुकीचं आहे."

"कागदावर असेल," ते म्हणाले. "मी तीस वर्षं बघतोय. चारशे लावली की माणसं जवळ येतात."

उत्तरपत्रिका तपासताना माझा आवाज जसा होतो, तसा तो त्या वेळी झाला असावा. मी चारशेची लेन्स उचलली. तिच्यावर त्यांनी बुरशी चढू दिली नव्हती, एक ओरखडाही नव्हता.

शर्यतीचे मैदान पेठ रोडच्या पलीकडे होते. जेसीबी लावून चार दिवसांत मार्ग तयार केलेला; वळणे, खड्डे आणि मधोमध ती मोठी उडी. ती म्हणजे चढ, मग पंधरा मीटरचा सपाट माथा आणि मग उतार, असा अडीच मीटर उंच मातीचा ढिगारा. गाडी चढावरून हवेत सुटे, माथा ओलांडे आणि पलीकडच्या उतारावर टेके. साळवेकाकांची जागा चढाच्या पायथ्याशी, एका बाजूला होती. येणाऱ्या गाड्यांकडे तोंड करून उभे राहायचे, हा तिथला नियम. उताराच्या बाजूला दुसरा झेंडेवाला असावा, हाही नियमच होता. ती बाजू चढाकडून दिसत नाही. पलीकडच्याने शिट्टी वाजवून झेंडा वर केला, की तो ढिगाऱ्यावरून अलीकडच्याला दिसतो आणि मग तो आपला झेंडा हलवतो.

मी समोरासमोरची जागा घेतली. उडीनंतरचा सरळ पट्टा जिथे संपतो तिथे, दोराच्या मागे, तिपाईवर चारशे लावून. गाडी हवेतून थेट अंगावर येताना दिसे. चित्र विलक्षण होते. दुसऱ्या फेरीनंतर माझ्या लक्षात आले, की उताराच्या बाजूला कोणी नाही. तिथला झेंडेवाला प्रमुख पाहुण्यांच्या गाडीला वाट करून द्यायला फाटकाकडे गेला होता, हे मागाहून कळले. त्या क्षणी माझ्या मनात आलेला विचार मी जसाच्या तसा नोंदवतो. चौकट स्वच्छ झाली, म्हणून मला बरे वाटले.

तिसऱ्या फेरीत सटाण्याचा भूषण देवरे, वय तेवीस, उतारावर तिरका टेकला, घसरला आणि पुढच्या सपाटीवर आडवा झाला. गाडी त्याच्या पायावर होती. मी बटण दाबून धरले. सेकंदाला पाच चित्रे येत होती. विसाव्या की एकविसाव्या चित्रात मागचा स्वार हवेत होता.

तो भूषणच्या पाठीवर उतरला.

त्या स्वाराचा खांदा निखळला. भूषणचा कणा मोडला. त्याला आधी नाशिकच्या आणि मग मुंबईच्या इस्पितळात नेले आणि कमरेखालचे शरीर परत येणार नाही, हे आठवड्याभरात नक्की झाले. मंगळवारी मैदानावर लग्नाचा मांडव पडायचा होता, म्हणून सोमवारी संध्याकाळपर्यंत जेसीबीने सगळा मार्ग सपाट केला. मोजता येईल असे तिथे काही उरले नाही. उरला तो माझा फोटो.

तो एका स्थानिक दैनिकाने पहिल्या पानावर छापला होता. मीच दिला होता. खाली आडवा पडलेला भूषण, वर हवेत दुसऱ्या गाडीचा पोटाकडचा भाग, आणि भूषणच्या मागे, ढिगाऱ्याच्या कडेबाहेर, चित्रात पाहाल तर फार तर तीन पावलांवर, साळवेकाका. झेंडा खाली. भूषणकडे पाठ. नियमाप्रमाणे ते येणाऱ्या गाड्यांकडे तोंड करून उभे होते. पण त्या गाड्या चित्रात नव्हत्या, चित्रात पाठ होती. ढिगाऱ्याचा पंधरा मीटरचा माथा समोरून पाहताना रेघेएवढाही दिसत नव्हता. मथळा होता, 'पाठ फिरली, घात झाला'. पहिल्या पानावर आलेला तो माझा पहिला फोटो. मी त्या दैनिकाच्या चार प्रती घेतल्या.

दहा दिवसांनी क्लबने चौकशी ठेवली. क्लबच्या कार्यालयात, दुपारी तीनला. एका टेबलामागे तीन माणसे. प्रश्न विचारण्याचे काम ॲडव्होकेट बोरस्ते यांच्याकडे होते. तो माझा जुना विद्यार्थी. बारावीला प्रकाशाच्या प्रकरणाने त्याला जवळजवळ बुडवलेच होते. मी खोलीत आलो तेव्हा तो उठून उभा राहिला.

साळवेकाका भिंतीशी लोखंडी खुर्चीवर बसले होते. लग्नाला घालायचा करडा कोट त्यांनी घातला होता. दुसऱ्या झेंडेवाल्याबद्दल त्यांनी सांगितले होते. पण त्या दिवशीच्या यादीत उडीवर एकाच माणसाचे नाव होते. ती यादी केव्हा टाइप झाली, हे कोणी विचारले नाही. इतर झेंडेवाले आपापल्या वळणावर होते. प्रेक्षकांपैकी चौघांनी चार गोष्टी सांगितल्या होत्या. टेबलावर मोठा करून आणलेला माझा फोटो होता आणि तो चार गोष्टी सांगत नव्हता, एकच सांगत होता.

साळवेकाका म्हणाले, की तो पोरगा त्यांच्यापासून बराच दूर, ढिगाऱ्याच्या पलीकडे पडला होता. दिसणे शक्यच नव्हते. फोटोत तो जवळ दिसतो कारण लेन्स चारशेची आहे. ती सगळे ओढून जवळ आणते. मग त्यांनी माझ्याकडे पाहिले. मदतीसाठी पाहिले असे मला म्हणता येणार नाही. वर्गातला विद्यार्थी उत्तर सांगून झाल्यावर शिक्षकाकडे पाहतो, तसे पाहिले.

बोरस्ते माझ्याकडे वळला.

"सर, तुम्ही या विषयातले. तुम्हीच खुलासा करा. लेन्समुळे दोन वस्तूंमधलं अंतर कमी होतं का?"

"नाही," मी म्हणालो.

"फोटोतसुद्धा कमी दिसत नाही?"

"लेन्समुळे नाही."

त्याने ते लिहून घेतले. मी थांबलो. 'लेन्स' या शब्दावर मी मुद्दाम जोर दिला होता. ऐकणाऱ्याला थोडी जरी बुद्धी असेल, तर त्याचा पुढचा प्रश्न ठरलेला होता: मग कशामुळे? त्याचे उत्तर माझ्याजवळ आकड्यांसह तयार होते. मी देवरेपासून सुमारे एकशे दहा मीटरवर उभा होतो. साळवेकाका त्याच्यामागे आणखी अठ्ठावीस मीटर. त्यामुळे ते चित्रात पाचव्या हिश्शाने लहान दिसतात. एवढा फरक उभ्या आणि आडव्या माणसात कोणाच्या लक्षात येत नाही. तेच वीस मीटरवरून पाहिले असते, तर ते निम्म्याहूनही लहान दिसले असते आणि मधला ढिगारा आंधळ्यालाही दिसला असता. उत्तरपत्रिकांवर मी वर्षानुवर्षे लाल शाईने 'विचारले तेवढेच' असे लिहीत आलो होतो. न विचारलेले उत्तर मी कधी तपासले नाही आणि कधी दिलेही नाही.

हे कारण मी स्वतःला बरीच वर्षे देत होतो. ते पुरेसे नाही. त्या खोलीत एक जुना वाद चालू होता, समोर प्रतिपक्ष बसला होता, आणि साक्षीदार म्हणून तीन माणसे होती. 'नाही' म्हणताना मला समाधान वाटले. ते फार तर दोन सेकंद टिकले असेल.

साळवेकाकांनी मान खाली घातली. "सर म्हणतात तर तसंच असेल," ते म्हणाले.

बोरस्तेने कागद उलटा केला आणि पुढचा प्रश्न विचारला.

"सर, चहा घेणार ना?"

मी हो म्हणालो.

अहवाल तीन पानांचा होता. 'झेंडाधारकाचे अक्षम्य दुर्लक्ष' असे शब्द त्यात दुसऱ्या पानावर होते आणि खाली माझ्या साक्षीचा उल्लेख 'तज्ज्ञांचे मत' असा होता. साळवेकाकांना क्लबमधून काढले. दैनिकाने तेही छापले, सोबत पुन्हा तोच फोटो. नाताळच्या आधी दोन शाळांनी वर्गांचे फोटो दुसऱ्या स्टुडिओला दिले. चर्चमध्ये ते वर्षानुवर्षे पुढून दुसऱ्या बाकावर बसत, ते आता दाराशेजारी बसू लागले, असे मला त्यांच्या शेजारच्या झेरॉक्सवाल्याने सांगितले. मी त्याच्याकडे वारंवार जाऊ लागलो होतो. झेरॉक्स काढायचे नसले तरी. स्टुडिओची पायरी मात्र चढत नव्हतो.

जानेवारीत मी कॉलेजच्या मैदानावर प्रयोग केला. प्रयोगशाळेतली दोन स्टुले मोजपट्टीने अठ्ठावीस मीटरवर ठेवली आणि दोन्ही अंतरांवरून फोटो घेतले. एकशे दहा मीटरवरून स्टुले शेजारी-शेजारी दिसत होती, मधून मांजर जाणार नाही अशी. वीस मीटरवरून दोघांमध्ये अख्खे मैदान पसरले होते. दोन पानांचे पत्र लिहून, सगळे जोडून मी क्लबला पाठवले. तीन आठवडे उत्तर आले नाही. मग मी बोरस्तेला फोन केला.

अहवाल विमा कंपनीकडे गेल्याचे त्याने सांगितले. आता काही होणार नव्हते. "सर, हे तुम्ही तेव्हाच सांगायला हवं होतं."

"तू विचारलं नाहीस."

"काय विचारायचं ते मला कुठे कळत होतं, सर?" तो म्हणाला. त्याच्या आवाजात उपरोध नव्हता.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी मी लेन्स आणि पत्राची प्रत घेऊन स्टुडिओत गेलो. चर्च नुकतेच सुटले होते. साळवेकाका पिशवी भरत होते: औषधी पट्ट्या, पावडरचा डबा, दाढीचे सामान, आठवड्याची वर्तमानपत्रे. मला पाहून त्यांना खरोखर आनंद झाला. हे मी शंका घेऊन, तपासून लिहितो आहे. लेन्स त्यांनी खिडकीपाशी नेऊन उजेडात पाहिली, चांगली ठेवलीत म्हणाले आणि डब्यात घातली.

ते सटाण्याला निघाले होते. दर रविवारी आणि बुधवारी जात. भूषण मुंबईहून घरी परतला होता; जायला लागल्यापासून त्यांचा एकही वार चुकला नव्हता. भूषणला वडील नव्हते; आई होती, तिला त्याला उचलणे होत नसे. साळवेकाका जाऊन त्याला आंघोळ घालत, कुशीवर वळवत, दाढी करत. कंप असलेल्या हाताने दाढी कशी करता, असे मी विचारले. सावकाश करतो, असे ते म्हणाले.

"गाडीत बोलू," ते म्हणाले. "येताय का?"

एसटीत आम्हाला मागची जागा मिळाली. पिंपळगाव येईपर्यंत मी बोलत होतो. मांडीवर कागद पसरून त्यांना दोन्ही फोटो दाखवले, आकडे वाचून दाखवले, ढिगाऱ्याची उंची, त्यांच्या डोळ्यांची उंची, नजरेची रेषा कुठे अडते, सगळे. ते मन लावून ऐकत होते. दोन्ही फोटो त्यांनी बराच वेळ न्याहाळले, एका कारागिराने दुसऱ्याचे काम पाहावे तसे, आणि फोकस नेमका बसलाय असे सांगितले.

"तर तुम्हाला तो दिसणं अशक्य होतं," मी शेवटी म्हणालो. "ही समजूत घालणं नाही, काका. हे गणित आहे."

"तुम्ही माझ्यासाठी एवढं केलंत," ते म्हणाले.

"तुमच्यासाठी नाही. जे आहे ते मोजलंय. त्यात तुमचं-माझं काही नसतं."

"सर, तुम्हीच सांगत असता ना, ज्याला साक्षीतून काही साधायचं नाही त्याची साक्ष खरी धरावी?" त्यांनी कागद नीट जुळवले, कोपरे सारखे केले. त्याला वेळ लागला. "त्या दिवशी मला वाचवावं असं काही तुमच्या मनात नव्हतं. आज आहे. मग मी कुठल्या दिवसाचं धरू?"

खिडकीबाहेर द्राक्षांच्या बागा मागे जात होत्या. या युक्तिवादात कुठे चूक आहे ते मी शोधत होतो. चूक होती, पण ती पद्धतीत नव्हती; त्या दिवशीही मला काही साधायचे होतेच.

थोड्या वेळाने तेच बोलू लागले. तो फोटो त्यांनी स्टुडिओत, काउंटरच्या आतल्या बाजूला लावला होता आणि रोज पाहत होते. सुरुवातीला त्यांना पक्के आठवत होते, की समोर चढ होता, मागे माती होती आणि दुसरे काही दिसत नव्हते.

"आता आठवतं ते असं, की मागे गाडी आपटल्याचा आवाज आला. जवळून आला. आणि मी वळलो नाही."

"हे तुम्हाला आठवतं, की फोटोवरून वाटतं?"

"आता तसा काही फरक राहिला नाही, सर."

त्यांनी कागद परत न देता आपल्या पिशवीत वर्तमानपत्रांच्या घडीत ठेवले. एवढे मोजलेत, टाकायचे कसे, असे म्हणाले. देवळा येईपर्यंत ते डुलकी घेत होते. मी मात्र दुसरा साक्षीदार शोधत होतो. माझी साक्ष बाद झाली होती, आणि माझ्याच नियमाने. पण एक माणूस असा होता, की ज्याचे शब्द साळवेकाका टाळू शकले नसते. तो चौकशीच्या वेळी मुंबईला इस्पितळात होता. त्याला कोणी काही विचारलेच नव्हते.

भूषणचे घर सटाण्याच्या जुन्या भागात, दोन खोल्यांचे. खिडकीशी खाट, खाटेवर तो. हात आणि दंड अजून स्वाराचे होते. पांघरुणाखाली कमरेपुढे काही असल्यासारखे दिसत नव्हते. साळवेकाकांनी आत पाऊल टाकल्याबरोबर बाह्या वर केल्या. खाटेवर छताला एक लोखंडी नळी टांगलेली होती आणि तिला त्याला उचलायचा पट्टा होता. स्टुडिओतला मागचा पडदा गुंडाळायची ती नळी, हे मी ओळखले.

"आलात का? मला वाटलं आज देव तुम्हाला लवकर सोडत नाही," भूषण त्यांना म्हणाला.

"त्याच्याकडे आज गर्दी कमी होती," साळवेकाका म्हणाले. त्यांनी माझी ओळख करून दिली, फोटो काढणारे सर म्हणून. कोणता फोटो, ते सांगावे लागले नाही. भूषणने मान हलवली. मग साळवेकाका पाणी तापवायला मागच्या दारी गेले. भूषणची आई तिथेच चुलीपाशी होती. दोघांचे बोलणे ऐकू येत होते, शब्द कळत नव्हते.

मी वेळ घालवला नाही. त्याला विचारले, पडल्यानंतर काय दिसले होते.

हा प्रश्न आपल्याला कोणी विचारलाच नाही, असे तो म्हणाला. शुद्ध लगेच गेली नव्हती. पाय गाडीखाली होता, म्हणून त्याने मान वळवून झेंडा शोधला. त्याला मागून येणाऱ्यांची भीती होती.

"मातीच दिसली, सर. सगळी माती. काका मला दिसत नव्हते, म्हणजे मी त्यांना कुठून दिसणार?"

प्रकाशाचा मार्ग उलटही तितकाच खरा असतो, हा नियम मी पंचवीस वर्षे शिकवला. तो मला इतक्या थोडक्यात कधी सांगता आला नव्हता.

"हे तू त्यांना सांगितलंस?"

"नाही."

"का?"

त्याने मागच्या दाराकडे पाहिले आणि आवाज खाली आणला. "घरी आणल्यावर पहिल्या महिन्यात पडून पडून पाठीला जखम झाली. दोन बोटं आत जातील एवढी. आईला मी वळवला जात नव्हतो. क्लबचे लोक एकदा आले, पुष्पगुच्छ घेऊन. मित्र तीनदा आले. काका यायला लागले, तेव्हापासून ती जखम भरत आलीय. त्यांचं काही चुकलंच नाही असं त्यांना कळलं, तर ते कशाला येतील, सर?"

"तरीही येतील," असे मला म्हणायचे होते. पण ते मला माहीत नव्हते, आणि माहीत नसलेले मी ठामपणे बोलत नाही.

"बहुधा येतील," मी म्हणालो.

"बहुधा," तो म्हणाला.

पट्ट्याचे टोक तो बोटांनी चाळवत राहिला. मग म्हणाला, की तुम्ही सांगायचे तर सांगा. त्यांनी मला विचारले तर मी खोटे बोलणार नाही. पण आपण होऊन सांगणार नाही.

साळवेकाका बादली घेऊन आत आले. पाणी काठोकाठ नव्हते. अर्धीच बादली भरून ते दोन खेपा घालत असावेत. त्यांनी ती खाटेशी ठेवली आणि आमच्या दोघांकडे पाहिले.

"काय चाललंय तुमचं एवढं हळू आवाजात?"

भूषण छताकडे पाहत राहिला.

"नाशिकच्या गाड्या केव्हा आहेत ते विचारत होतो," मी म्हणालो.

"साडेपाचला एक आहे, मग साडेसातला," ते म्हणाले आणि त्यांनी पट्टा भूषणच्या पाठीखालून ओढून घेतला. "मी याला जेवायला घालून साडेसातने निघतो. तुम्हाला घाई असेल तर पुढे व्हा."

मी साडेपाचची गाडी धरली.